माळ्यावरची ट्रंक टेम्पोत चढण्याआधी

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
ठाणे शहरात पुनर्विकासाला निघालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नौपाड्यात एका इमारतीखाली चहा पीत उभा होतो. तीन मजल्यांची, साठीतली इमारत. दारात दोन टेम्पो लागलेले, जिन्यातून गाद्या उतरत होत्या आणि फाटकाशी रद्दीवाल्याने काटा मांडला होता. काट्यावर जुने दिवाळी अंक, त्यावर काळ्या पानांचा एक अल्बम आणि लाल कापडी बांधणीची एक जाड वही. सवयीने वही उघडली. पहिल्याच पानावर टाकाने लिहिलेलं, वळणदार अक्षरात: पहिल्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, १९६४. ज्या इमारतीच्या सावलीत मी चहा पीत होतो, तिचाच जन्मदाखला रद्दीच्या भावाने चालला होता.

"अहो, हे टाकताय?" वरून उतरणाऱ्या तरुण गृहस्थांना मी विचारलं.

"काका, सगळं स्कॅन केलेलं आहे."

"कुठे आहे?"

"असेल की. सीडीत."

रद्दीवाल्याला पैसे देऊन दोन्ही वस्तू घरी आणल्या. वही नंतर सचिवांना नेऊन दिली. त्यांनी घेतली, पण चेहरा असा केला की जणू मी कुणाचं तरी हरवलेलं मांजर त्यांच्या दारात आणून सोडलंय.

हे पत्र त्या एका संस्थेसाठी नाही. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, उथळसर, कुठेही फिरा, गल्लीगल्लीत इमारती हिरव्या-निळ्या पत्र्यांआड चालल्या आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. आमच्याही इमारतीची ७९-अ ची, म्हणजे पुनर्विकासाच्या मंजुरीची, सभा होऊन गेली आणि माझे गुडघे लिफ्टची वाट बघतायत. कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, शिफ्टिंगचे पैसे यांवर तुम्ही दोन-दोन वर्षं घासाघीस करता, ती केलीच पाहिजे. माझं म्हणणं फक्त माळ्यापुरतं आहे. घर रिकामं करण्याच्या नोटिशीपासून चावी देईपर्यंत जे दोन-तीन महिने मिळतात, तेवढ्यात या शहरातले जितके फोटो आणि कागद नाहीसे होतात, तितके वाळवीनेही पन्नास वर्षांत खाल्ले नसतील.

मी बोलतोय कोणत्या अधिकाराने? एकतीस वर्षं फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास अजून बोटांना येतो असं बायको म्हणते. डिजिटल आल्यावर डार्करूमला कुलूप लागलं, तेव्हा एक फ्लॅटबेड स्कॅनर घेतला आणि घरी बसून लोकांचे जुने फोटो, निगेटिव्ह, स्लाइड स्कॅन करून देऊ लागलो. आणि एक मोठी चूक केली, ती आधी सांगतो.

२६ जुलै २००५ च्या पावसानंतर माझ्याकडे भिजलेल्या अल्बमांची रांग लागली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, फोटोंवर चिखल. ते बघून घाबरलेलं एक कुटुंब पुढच्या वर्षी चांगले कोरडे चार अल्बम घेऊन आलं. मी ते २०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला २०० ठिपके धरून, स्कॅन केले, जेपीईजी केले, दोन सीडी हातात दिल्या आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आता हे अल्बम ठेवले नाहीत तरी चालेल." त्यांनी माझं ऐकलं. बारा वर्षांनी सीडी घेऊन आले. एक उघडलीच नाही. दुसरीने अर्धे फोटो दिले. घरी रेकॉर्ड करायच्या त्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात उमटते, आणि उष्म्याने, उजेडाने तो थर बिघडतो. जे फोटो मिळाले त्यांचीही गंमत बघा: दोन बाय तीन इंचाचा फोटो २०० डीपीआयने घेतला तर सारे ४०० बाय ६०० ठिपके. आजींचा चेहरा मोठा करायला गेलो तर चौकडीची गोधडी दिसली. ते लोक बाजारात भेटले की अजून माझी आपुलकीने चौकशी करतात. मी भाजीकडे बघतो.

म्हणून स्कॅनिंगवर ज्याचं घर चालतं तोच माणूस तुम्हाला सांगतोय: स्कॅनिंगची घाई करू नका. आधी नावं घ्या. मग मूळ वस्तू नीट ठेवा. स्कॅन त्यानंतर.

नावं आधी का? काळापांढरा फोटो म्हणजे कागदावरच्या जिलेटिनमध्ये बसलेली चांदी. कोरड्या जागी ठेवला तर शंभर वर्षं सहज काढतो. तो आज स्कॅन केला काय नि पाच वर्षांनी केला काय, फारसा फरक नाही. पण त्यातली माणसं ओळखणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पुढच्या महिन्यात कासारवडवलीला भाड्याने जाणार, समोरचे काका मुलाकडे बदलापूरला. भाड्याच्या घरातून नव्या घरात सगळेच परत येत नाहीत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेअर सर्टिफिकेटवर वारसांची नावं तुम्हीच चढवता.

काट्यावरून आणलेल्या त्या अल्बममध्ये भूमिपूजनाचा एक फोटो आहे. अकरा माणसं, मधे भटजी, मागे विहिरीचा कठडा. त्याच इमारतीतून चावी देऊन निघालेल्या एका आजींना तो दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून, बोट फोटोला न टेकवता, त्यांनी वीस मिनिटांत नऊ जणांची नावं सांगितली. कोण कचेरीत होते, कोणी बायकोच्या पाटल्या मोडून पहिला हप्ता भरला, कोण पुढे सचिवांशी भांडून पुण्याला गेले. विहीर कुठे होती तेही सांगितलं. आता तिथे स्कूटर लागतात. यातलं एक अक्षरही कुठला स्कॅनर वाचणार नाही. दोन माणसं मात्र त्यांनाही ओळखली नाहीत.

नावं घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या खिशात आहे. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून अल्बम समोर ठेवायचा, पान क्रमांक मोठ्याने बोलायचा आणि म्हाताऱ्या माणसाला बोलू द्यायचं. मधे दुरुस्त करायला जाऊ नका. "अगं, ते तर नंतर झालं" म्हणणारी सून या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. जुन्या फोटोंच्या मागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहिता येतं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. रंगीत फोटोंचा प्लॅस्टिक चढवलेला कागद पेन्सिल धरत नाही. असे फोटो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी.

आता मूळ वस्तू. काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले फोटो त्या अल्बममध्येच सुखी असतात, उपटू नका. चिकट पानं आणि वर पारदर्शक झिल्ली असलेले अल्बम वाईट. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. तरीही ओढू नका, आधी आख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकट राहू द्या. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. आजोबांचं खरेदीखत कौतुकाने लॅमिनेट करून आणणारे लोक मला दर पावसाळ्याआधी भेटतात. प्लॅस्टिक गरम होऊन कागदात मुरतं, ते परत निघत नाही.

निगेटिव्ह तर लोक सर्वांत आधी फेकतात, कारण ते बघून काही कळत नाही. माझ्या लेखी ट्रंकेतला सर्वांत मोलाचा ऐवज तोच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग उडून जातो आणि लग्नातली सगळी माणसं शेंदूर फासल्यासारखी दिसतात. त्याच लग्नाची निगेटिव्ह पट्टी मिळाली तर ४००० डीपीआयच्या फिल्म स्कॅनरवर एका चौकटीतून दोन कोटींच्या वर ठिपके मिळतात, काठापदरासकट.

थांबायला वेळ आहे म्हणालो, त्याला अपवाद दोन: फिल्म आणि टेप.

आठ एमएमची घरगुती रिळं नौपाड्यात माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. पन्नास फुटांचं छोटं रीळ म्हणजे चारेक मिनिटांचं चित्र: मुंज, माथेरान, तलावपाळीवर घोडागाडी. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा की दुखणं सुरू झालंय. फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजून ॲसेटिक आम्ल सुटतं, उष्णता आणि दमट हवा त्याला चालना देतात आणि सुटलेलं आम्लच कुजणं आणखी वाढवतं. शेजारच्या चांगल्या रिळालाही ते लागतं. असा डबा वेगळा काढा, गार कोरड्या जागी ठेवा, आणि हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका; आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि ती फाटत जाते. तिला फक्त फ्रेम-फ्रेम स्कॅन करणाराच हात लावू दे.

लोक मला विचारतात, जुनी फिल्म पेट घेते म्हणे? घेते ती नायट्रेटची, ३५ एमएमची, १९५० च्या सुमारापर्यंतची. आठ आणि सोळा एमएमची घरगुती फिल्म सुरक्षित पायावरच होती. नायट्रेट एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःतच बाळगून असते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्याही होत्या. तेव्हा कुणाच्या आजोबांचं थिएटर होतं आणि माळ्यावर मोठी, जड, जुनी रिळं असतील, तर माळ्यावर चढण्याआधी संग्रहालयाला विचारा.

व्हीएचएसचं दुखणं वेगळं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे चालू अवस्थेतली यंत्रं दरवर्षी कमीच होणार. शिवाय आपला पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. घातली यंत्रात की तिचे कण हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. तीन तासांची कॅसेट डिजिटल करायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. म्हणून नोटीस लागली त्याच आठवड्यात कॅसेटी वेगळ्या काढा.

आमच्या इमारतीत बाळकुमचं एक आगरी कुटुंब राहतं. त्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट आणली. व्हिडिओवाल्याने हळदीवर सिनेमाची गाणी चढवलेली, जशी तेव्हा सगळेच चढवत. मी सहज विचारलं, रॉ कॅसेट, म्हणजे काटछाट न केलेली मूळ, आहे का? होती, ट्रंकेच्या तळाशी. तिच्यात धवलारीण मांडवाखाली धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणत होती, सलग, मधे थांबून पाणी पीत, कुणाला तरी दटावत. त्या घरातली आजची मुलं ते पहिल्यांदा ऐकत होती. व्हिडिओवाल्याने आपल्या परीने लग्न "चांगलं" करून दिलं होतं. त्या लग्नातलं खरं धन त्याने न वापरलेल्या कॅसेटवर राहिलं. चेंदणी, कोलशेत, कळवा, कुणाचंही माहेर तिकडचं असेल तर रॉ कॅसेटीची चौकशी करा. (आपल्या शहराचा इतिहास म्हटलं की आपण १६ एप्रिल १८५३ च्या आगगाडीत बसतो आणि बोरीबंदरहून ठाण्याला येऊन उतरतो. त्यानंतर जणू इथे काही घडलंच नाही.)

काही घरांत रुमाल निघतात. खिशातले नव्हेत, कापडात बांधलेली मोडी कागदपत्रं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतले असले रुमालच तर गोळा करत होते. हातकागद आणि काळी शाई ही जोडी चिवट असते, नंतरचा गिरणीचा कागद पिवळा पडून तुटतो, हे मात्र तुटत नाहीत. तेव्हा "वाचता येत नाही, काय कामाचं" म्हणू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभर सरकारी दप्तरं उपसली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली ती याचसाठी. घरात ठेवायची सोय नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा १८९३ पासून आपल्या शहरात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा. ते घेतीलच असं मी त्यांच्या वतीने सांगत नाही. रद्दीवाल्याच्या आधी विचारा, इतकंच.

स्कॅन करायची वेळ आली की फोटोंना किमान ६०० डीपीआय मागा आणि मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे फोटोतलं काही न गाळणाऱ्या प्रकारात, घ्या. चार बाय सहा इंचाच्या एका रंगीत फोटोची फाइल साधारण २६ एमबी होते, होऊ द्या. त्याचीच छोटी जेपीईजी करून घरच्या ग्रुपवर पाठवा. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती वाटेत चिरडली जाते. प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक ठाण्याबाहेर, बहिणीकडे, मुलीकडे, कुठेही. दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. आणि ती हार्ड डिस्क माळ्यावर ठेवू नका.

सगळंच फेसबुकवर टाकायचं नसतं, हेही सांगून ठेवतो. एका ट्रंकेत मला एका बाईंची पत्रं सापडली, सासरहून माहेरी लिहिलेली, कधीच न टाकलेली. घरच्यांना परत दिली, स्कॅन न करता. आणखी काही लिहीत नाही.

आता तुमच्याकडचं मागणं. संस्थेचे स्वतःचे कागद कोणाचेच नसतात, म्हणून ते सर्वांत आधी जातात: पहिलं इतिवृत्त, मूळ ब्लू प्रिंट (ती निळाई उजेडात उडते, गुंडाळून अंधारात ठेवा), गणपतीचे जमाखर्च, टँकरच्या वर्षातल्या नोटिसा. घर रिकामं करण्याच्या परिपत्रकात पाण्याचं बिल आणि गॅसच्या कनेक्शनच्या ओळींखाली एक ओळ घाला, की जुने फोटो, निगेटिव्ह, कॅसेटी, हस्तलिखित कागद रद्दीत देण्याआधी अमुक रविवारी खाली आणावेत. असे दोन रविवार ठरवा. स्टिल्टमध्ये, म्हणजे खालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, एक टेबल, एक भिंग, दोन फोन, आणि जुन्या सभासदांसाठी हात असलेल्या खुर्च्या. चहा लागेल, भरपूर लागेल. विकासकाकडे तुम्ही जिम मागता, क्लब हाऊस मागता. त्या करारात सोसायटी ऑफिसात एक लोखंडी कपाटही मागा. तळघरात पंपाशेजारी नको, वर.

या गावात जुन्याचा शोध पाया खणतानाच लागतो, ही परंपरा तशी जुनी आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या तुरुंगात, नव्या बांधकामाचा पाया खणताना मजुरांना ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. पुढच्या वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याला छापून निघालं. तांबं होतं म्हणून जमिनीखाली पावणेआठशे वर्षं टिकलं. तुमच्या माळ्यावर आहे ते जिलेटिन आणि कागद. जेसीबीच्या आधी कुणीतरी वर चढावं लागेल.

मी रविवारी मोकळा असतो. भिंग माझं घेऊन येईन, स्कॅनर नंतर.

आपला,
एक निवृत्त डार्करूमवाला
नौपाडा, ठाणे

ता. क. भूमिपूजनाच्या फोटोतल्या त्या दोघांपैकी एकाचा पत्ता लागला, ते कंत्राटदाराचे मुकादम होते. दुसरे अजून राहिलेत. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे, काळी टोपी, हातात नारळ. १९६४ साली नौपाड्यात असलेलं तुमच्या इमारतीत कुणी असेल, तर त्यांना नेण्याआधी एकदा मला फोटो दाखवू द्या.